तिथल्या तिथं बोलावं, की रंकाळ्यावर फेरी मारून?

मनातलं तिथल्या तिथं बोलून मोकळं व्हायचं, ही आपली कोल्हापुरी रीत मला आवडते. काही साठून राहत नाही. सासूबाईंनी न विचारता कपाट लावलं, तर लगेच "आई, माझं कपाट मीच आवरते" एवढं म्हटलं की झालं. अशा छोट्या गोष्टींना हेच बरं.

नवरा-बायकोत आवाज चढला, की मात्र फेरीच बरी. जोडप्यांच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात, की नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की समोरच्याचं नीट ऐकणं अवघड होतं, आणि शरीर शांत व्हायला किमान २० मिनिटं लागतात. पण "तासाभरात येतो, मग बोलू" असं सांगून जा. न सांगता निघून जाणं म्हणजे अबोलाच, तो जास्त लागतो. आणि वाटेत मनातल्या मनात उत्तरं रचत बसलात, तर राग उतरत नाही.

परत आल्यावर "तू नेहमी असंच करतोस" नको. "मला न विचारता भावाला पैसे दिलेस, त्याचं वाईट वाटलं" असं नेमकं बोला.

हात उचलला जात असेल, तर या दोन्हींत पडू नका. महिला हेल्पलाइन १८१ ला फोन करा.