झोहो सीआरएमला कार्यालयाचा मेल जोडताना

पंपांचे सुटे भाग पुरवणाऱ्या आमच्या कोल्हापूरच्या पेढीत ग्राहकांच्या नोंदी झोहो सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांची माहिती आणि त्यांच्याशी झालेला व्यवहार एकत्र ठेवणाऱ्या झोहो कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवू लागल्याला दीड वर्ष झाले. त्याच्या सोयींविषयी पुष्कळ लिहिले जाते. मी येथे एवढेच तपासणार आहे की, जीमेल जोडल्यावर आपला पत्रव्यवहार कोणाकोणाच्या नजरेस पडू शकतो.

हा प्रश्न मला अनुभवाने शिकवला. पूर्वीच्या एका सॉफ्टवेअरमध्ये जोडणी होताच सर्वांचे मेल सर्वांना दिसू लागले, आणि आमचे सीए संपर्कयादीत असल्यामुळे त्यांनी पाठवलेला पगाराचा तक्ता विक्री विभागात उघडा पडला. झोहोमध्ये आपले मेल खासगी ठेवायचे, सहकाऱ्यांना खुले करायचे की निवडकच दाखवायचे, हे ठरवता येते. मी प्रत्येकाच्या शेजारी बसून ‘खासगी’ निवडून घेतले.

जीमेलचा पासवर्ड झोहोला द्यावा लागत नाही, ही दुसरी जमेची बाजू आहे. आपण गूगलच्याच पानावर लॉगिन करून संमती देतो आणि त्या बदल्यात झोहोला एक टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली, मिळते. परंतु आयमॅप (दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून मेलबॉक्स उघडण्याची प्रचलित पद्धत) वापरून जोडणी करताना त्या संमतीच्या पानावर सर्व मेल वाचणे, लिहिणे, पाठवणे आणि कायमचे पुसून टाकणे इतकी व्यापक परवानगी मागितलेली असते. हे केवळ झोहोपुरते नाही, कारण आयमॅपसाठी गूगलकडे याहून लहान परवानगीच नाही. तरीही ते पान न वाचता पुढे जाऊ नये, असे मी कळकळीने सांगेन. ऑगस्ट २०२५ मध्ये सेल्सलॉफ्टच्या ड्रिफ्ट या चॅट सेवेकडील टोकन चोरीला गेले, तेव्हा हल्लेखोरांनी अनेक कंपन्यांची सेल्सफोर्स या दुसऱ्या सीआरएममधील माहिती उपसली आणि ड्रिफ्टला जोडलेल्या मोजक्या गूगल वर्कस्पेस (गूगलची कार्यालयीन सेवा) खात्यांतील मेलही पाहिले. ज्याच्या हाती टोकन आहे त्याला लॉगिन करावेच लागत नाही, त्यामुळे मोबाइलवर येणारा ओटीपी अशा वेळी उपयोगी पडत नाही.

म्हणून विक्रीचे तीन मेलबॉक्स आम्ही जोडले. माझा आणि हिशेब विभागाचा जोडला नाही. त्या दोन्हींसाठी झोहोची ‘बीसीसी ड्रॉपबॉक्स’ सोय वापरतो. तिच्यात एक स्वतंत्र पत्ता मिळतो, आणि जो मेल ग्राहकाच्या नोंदीत जायला हवा, तेवढ्याच मेलच्या बीसीसीमध्ये तो घालायचा असतो. ग्राहकाचे उत्तर अशा रीतीने आपोआप नोंदवले जात नाही, ते आपणच त्या पत्त्यावर पुढे पाठवावे लागते. हा त्रास मला मान्य आहे.

भारतातील खात्यांसाठी झोहोची डेटा सेंटर मुंबई आणि चेन्नईत आहेत, हेही आमच्या निवडीमागचे एक कारण होते.

मध्यंतरी एक सहकारी नोकरी सोडून गेला, तेव्हा सीआरएममधील त्याचा प्रवेश बंद करून आम्ही थांबलो नाही. त्याच्या कार्यालयीन गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन झोहोला दिलेली परवानगीही काढून घेतली. त्या यादीत आणखी दोन जुनी ॲप सापडली, आणि त्यांतील एक आम्ही बंद केलेल्या त्याच पूर्वीच्या सॉफ्टवेअरचे होते.