कागदावरचा मुधोळ

जत तालुक्याच्या पूर्व भागात माझी सहा एकर शेती आहे. दोन एकरांत डाळिंब आणि बाकीच्यात ज्वारी-बाजरी असते. पण घर चालते ते चाळीसएक माडग्याळ जातीच्या मेंढ्यांवर. या मेंढीची किंमत आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगितली तर त्याला ती थट्टा वाटते, म्हणून आकडा देत नाही. एवढेच सांगतो की, लांडग्याने एक कोकरू उचलले तर आमच्या घरी दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नाही. २०२० च्या पावसाळ्यात राखणीचा जुना कुत्रा म्हातारपणाने गेला आणि दिवाळीपर्यंत चार कोकरे गेली. दुसरा कुत्रा आणण्याची मला जी घाई झाली ती त्यामुळे, आणि पुढचे सगळे त्या घाईतच घडले.

त्याच वर्षी ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी कुत्र्यांविषयी बोलताना मुधोळ हाउंडचे, म्हणजे कर्नाटकातील मुधोळच्या शिकारी कुत्र्याचे, नाव घेतले होते. मुधोळ आम्हांला परके नाही. अथणी आणि जमखंडी ओलांडली की पुढे मुधोळच लागते, आणि ही लांब तोंडाची, खपाटीला गेलेल्या पोटाची कुत्री ‘कारवान’ या नावाने आमच्याकडच्या कित्येक वस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तरीही शेजारच्या वस्तीवर चौकशी करण्याऐवजी मी मोबाइलवर शोधत बसलो आणि दुसऱ्या जिल्ह्यातील एका पैदासकाराच्या बोलण्याला भुललो. ‘दिवाणखान्यात बसणारी कुत्री आम्ही काढत नाही, रानात काम करणारी काढतो’, हे त्याचे पहिलेच वाक्य मला पटले. ‘वर्किंग लाइन’, म्हणजे कामासाठीच पैदास केलेला वंश, हे शब्द मी त्याच्याच तोंडून प्रथम ऐकले आणि पुढचे सहा महिने ते गावभर मिरवलेही.

त्याचे कसब असे की, तो सरळ खोटे फारसे बोलत नसे. २०१६ साली लष्कराने मुधोळची पिल्ले चाचणीसाठी मेरठच्या आपल्या केंद्रात नेली होती, ही गोष्ट खरी आहे. त्याला जोडून तो सांगे की, त्याच्याकडील नर त्याच रक्ताचा आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जपली, हेही खरे आहे. त्याच्याकडील मादी मात्र त्या संस्थानातील कुत्र्यांच्या वंशातली आहे, हे कशावरून, ते विचारण्याचे मला सुचले नाही. आधी एक खरी गोष्ट सांगायची आणि तिच्या पाठोपाठ आपली एक सरकवायची, या रीतीने तासभर बोलणाऱ्या माणसाचे खोटे नेमके कोठे सुरू झाले, हे ऐकणाऱ्याला नंतरही आठवत नाही. मादीचे काम दाखवा म्हटल्यावर त्याने एक व्हिडिओ पाठवला, ज्यात एक करड्या रंगाची कुत्री मोकळ्या माळावर सशामागे धावते आणि अर्ध्या मिनिटात त्याला धरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार कुत्रे सोडून ससा मारणे हा गुन्हा आहे, आणि जो माणूस तो गुन्हा जाहिरात म्हणून मिरवतो त्याच्याशी व्यवहार करू नये, इतके साधे तारतम्य मला तेव्हा राहिले नाही. त्याहून मोठी चूक अशी की, ती कुत्री कोणाची आहे आणि माझ्या पिल्लांची ती आई आहे की नाही, हे त्या व्हिडिओवरून कळण्याचा काहीच मार्ग नव्हता.

एक नर आणि एक मादी अशी जोडी पन्नास हजारांना ठरली. पंधरा हजार इसार आणि बाकीची रक्कम पिल्ले निघण्याआधी, असे ठरून मी सगळे पैसे मोबाइलवरून पाठवले, तेही तीन वेगवेगळ्या खात्यांवर, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे एका खात्याची मर्यादा संपली होती. ‘शेऱ्यात कुत्र्याचा उल्लेख करू नका, बँक उगाच अडवते’, असे त्याने बजावले होते. मी शेऱ्यात ‘घरखर्च’ असे लिहिले. पुढे तक्रार करताना हा एक शब्द मला फार महाग पडला.

२०२१ च्या १४ मार्चला पहाटे खासगी बसच्या डिकीतून, एका भोके पाडलेल्या खोक्यातून पिल्ले आली. सोबतच्या दाखल्यावर जन्मतारीख २८ जानेवारी होती, म्हणजे पिल्ले पंचेचाळीस दिवसांची. २०१७ च्या श्वान पैदास आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकताच येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. तेव्हा कागदावरच्या तारखेवरूनही तो व्यवहार बेकायदा होता. प्रत्यक्षात पिल्ले त्याहून लहान होती. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी नराचे तोंड उघडून मला दाखवले, तर पुढचे दुधाचे दात नुकते हिरडीबाहेर आलेले होते आणि मागच्या दाढांचा पत्ता नव्हता. ‘महिन्याचे असेल जेमतेम,’ ते म्हणाले. लसीच्या पुस्तिकेत दोन शिक्के होते, पण लस टोचल्यावर बाटलीवरचे जे लेबल तिथे चिकटवतात ते एकही नव्हते. सहाव्या दिवशी मादीला रक्ताची हगवण लागली आणि आठव्या दिवशी ती गेली. पार्वो हा पिल्लांच्या आतड्याचा विषाणूजन्य आजार होता. पैदासकाराला कळवले तेव्हा त्याने शांतपणे विचारले, ‘म्हशीचे दूध पाजले होते का?’ पाजले होते. त्यावर त्याने फोन ठेवला.

उरलेल्या नराचे नाव आम्ही बाजी ठेवले. घरात लाड नको, कामाचे कुत्रे आहे, अशी पैदासकाराची सक्त सूचना होती. मेंढ्यांतही सोडू नका, प्रशिक्षणाआधी सवयी बिघडतात, असेही त्याने सांगितले होते. दुसऱ्या सूचनेने माझे जे नुकसान केले ते पन्नास हजारांपेक्षा मोठे आहे. बाजी सात महिने घराच्या मागे साखळीला बांधलेला वाढला. मेंढ्या त्याला लांबून, कुंपणापलीकडून जाताना दिसत, आणि तो त्यांच्याकडे टक लावून पाहत राही. आम्ही त्याला राखणीची ओढ समजत होतो.

ऑक्टोबरमध्ये पैदासकाराच्याच ओळखीचा एक प्रशिक्षक त्याला घेऊन गेला. महिना नऊ हजार याप्रमाणे तीन महिन्यांचे सत्तावीस हजार मी भरले. दर रविवारी एक व्हिडिओ यायचा: बाजी बसतो आहे, भुंकतो आहे, हातावर जाड बाही चढवलेल्या माणसाच्या अंगावर झेप घेतो आहे. बाहीवर झेप घेणारा कुत्रा पाहून छाती फुगते, हे मी नाकारत नाही. पण लांडगा काही हातात बाही घालून येत नाही, हा साधा विचार माझ्या डोक्यात तीन महिन्यांत एकदाही आला नाही. जानेवारीत बाजी परत आला तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि गळ्याखाली दोन बारीक गोल चट्टे होते, ज्यांच्यावर केस उगवलेले नव्हते. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याच्या खुंट्या जिथे टेकतात तिथेच ते होते. पट्ट्याचा नुसता आवाज झाला तरी तो जमिनीला चिकटून बसे.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मेंढ्या वाड्यात घेताना मी त्याला प्रथमच मोकळा सोडला. दीड महिन्याचे एक कोकरू कळपातून फुटून आईला शोधत पळाले. बाजीने मान वर केली, कान मागे घेतले, आणि मी हाक मारेपर्यंत साठ-सत्तर पावलांचे अंतर कापून त्याने ते मानेला धरले होते. तो भुंकला नाही, गुरगुरला नाही. लांडग्याने चार कोकरी नेली होती. पाचवे मी सत्त्याहत्तर हजार रुपये खर्चून आणलेल्या राखणदाराने मारले.

त्यानंतर मी जिथे आधी जायला हवे होते तिथे गेलो. आमच्यापासून दोन कोसांवर एक वृद्ध गृहस्थ आहेत, ज्यांच्या आजोबांच्या काळापासून घरात कारवान कुत्री आहेत. त्यांनी बाजीला उन्हात उभे केले आणि त्याच्या कानांकडे बराच वेळ पाहिले. आमच्याकडच्या कारवान कुत्र्यांचे कान गालाला लागून खाली लोंबतात. बाजीचे लहान होते आणि मागे दुमडून मानेला चिकटत होते. ग्रेहाउंडचे कान तसे असतात. मांड्यांचे मांस जास्त भरलेले होते, आणि मुरमाड रानातून दोन कोस चालून आल्यामुळे पंजाखालच्या गाद्या सोलवटल्या होत्या. शर्यतीसाठी ग्रेहाउंडचा संकर करतात आणि त्यातली पिल्ले मुधोळ म्हणून विकतात, हे त्यांनी अनेकदा पाहिले होते. सपाट मैदानावर असा कुत्रा अस्सल कुत्र्याच्या पुढे निघतो. आमच्या उन्हात आणि दगडगोट्यांत मात्र तो टिकत नाही.

‘ह्येच्या आईला रानात काम करताना बघितलंस का?’ त्यांनी विचारले.

‘न्हाई.’

‘मग काय बघून घेतलंस?’

व्हिडिओ आणि कागद, असे मी सांगितले. त्यांनी पटका सोडून पुन्हा बांधला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते कोणत्याही प्रशिक्षकाने मला सांगितले नव्हते. अस्सल मुधोळ आणला असता तरी हेच झाले असते, असे त्यांचे मत पडले. हा डोळ्याने शिकार करणारा कुत्रा आहे. पुढे काही पळाले की त्याच्या मागे जाणे हे त्याच्या हाडात आहे आणि शेकडो वर्षे माणसाने त्याच गुणासाठी त्याची निवड केली आहे. वस्तीवर अनोळखी माणूस येऊ न देण्याचे काम तो चोख करतो. पण कळपात राहायचे असेल, तर डोळे उघडल्यावर थोड्याच दिवसांत त्याला कोकरांत टाकावे लागते, म्हणजे मेंढ्या ही आपलीच माणसे आहेत असे त्याला वाटते आणि एखाद-दुसऱ्या मेंढ्याची धडक खाऊन तो शहाणाही होतो. तीन-चार महिन्यांचा झाल्यावर ती वेळ निघून जाते आणि मग बाहीवर कितीही झेपा घेतल्या तरी ती परत येत नाही. धनगरांची गावठी कुत्री नेमकी अशीच वाड्यात, वाघरीच्या म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या आत वाढतात. त्यांना कोणी ‘वर्किंग लाइन’ म्हणत नाही.

कागदाचे खोटेपण योगायोगाने उघड झाले. मंगळवेढ्याकडच्या एका शेतकऱ्याने त्याच माणसाकडून पिल्लू घेतले होते. आम्ही दाखले शेजारी ठेवले तेव्हा दोन्हींवर आईचे नाव आणि नोंदणी क्रमांक एकच होता. त्याच्या पिल्लाची जन्मतारीख १२ नोव्हेंबर २०२० होती आणि माझ्या पिल्लाची २८ जानेवारी २०२१. मधले अंतर सत्त्याहत्तर दिवसांचे. कुत्री साधारण त्रेसष्ट दिवस गाभण असते. म्हणजे पहिले वेत झाल्यावर चौदाव्या दिवशी, पिल्ले अंगावर पीत असताना, ती पुन्हा माजावर येऊन गाभण राहिली असे मानावे लागेल. मेंढ्या पाळणाऱ्या माणसाला हा हिशेब करायला दोन मिनिटेही लागत नाहीत, पण त्यासाठी दोन कागद एकत्र यावे लागतात, आणि पैदासकार नेमके तेच होऊ देत नाही. शिवाय दाखल्यावर संस्थेचे नाव केनेल क्लब ऑफ इंडियाचे होते आणि जात ‘मुधोळ हाउंड’ अशी लिहिलेली होती. तो क्लब ही जात ‘कॅरव्हान हाउंड’ या नावाने नोंदवतो. दाखल्यावर छापलेल्या क्रमांकाची, कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप बाजीच्या अंगात आहे का, हे सांगलीच्या एका दवाखान्यात यंत्र फिरवून पाहिले. मानेपासून शेपटीपर्यंत तीनदा फिरवले, यंत्र एकदाही वाजले नाही.

पोलीस ठाण्यात हा दिवाणी वाद असल्याचे सांगण्यात आले. ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे वकिलाने सांगितल्यावर आम्ही दोघांनी आधी नोटिसा पाठवल्या. माझ्या नोटिशीला उत्तर आले की, पिल्ले भेट म्हणून दिली होती आणि खात्यांवर आलेल्या रकमांचा, शेऱ्यातच लिहिल्याप्रमाणे, कुत्र्यांशी संबंध नाही. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याने शेऱ्यात ‘मुधोळ नर पिल्लू’ असे स्पष्ट लिहिले होते. त्याला पूर्ण रक्कम निमूटपणे परत मिळाली. मला तडजोडीत वीस हजार मिळाले. प्रशिक्षणाच्या पैशांचा तर कोठे पुरावाच नव्हता, कारण ते मी रोख दिले होते.

मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान केंद्र आहे, जिथे याच जातीचे जतन आणि पैदास होते. एका दिवसात जाऊन येण्यासारखे ते अंतर आहे. मी पुढच्या वर्षी गेलो, तेही पिल्लू आणायला नव्हे, तर अस्सल कुत्र्याचे कान एकदा जवळून पाहायला.

आता कळपात आहे ती एका धनगराच्या कुत्रीची पिल्ली. तो आमच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायला आला होता, तेव्हा चार रात्री मी त्या कुत्रीला पाहिले: ती झोपत नव्हती, वाड्याभोवती फिरत होती आणि वाऱ्याच्या दिशेला तोंड करून बसत होती. त्याने पैसे घेतले नाहीत, एक पोते ज्वारी घेतली. बाजी घरी असतो, अंगणात मोकळा. फक्त मेंढ्या येण्याच्या वेळी बांधून ठेवावा लागतो. परवा डाळिंब घ्यायला आलेल्या एका व्यापाऱ्याने त्याला पाहून लगेच विचारले, ‘मुधोळ ना? विकायचा का? कागद आहेत?’

मी म्हणालो, कागद आहेत, मुधोळ नाही.