दहा मिल फिरवले, कागदावर आले सव्वानऊ

वापरलेला स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण, कुणाकडून तरी घेतोय, असं ओळखीतला कुणी म्हणाला की मी त्याला थांबवतो आणि आधी हे सांगतो. इथे सगळं लिहून ठेवतोय, कारण गेल्या वर्षभरात आपल्यातल्या तिघांनी तरी मला फोन करून विचारलं, वापरलेला स्कोप घेताना काय बघायचं?

मी मूळचा कोल्हापूरचा, आता कोलोरॅडोत. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये पॉइंट टू-टू रायफल हातात आली तेव्हापासून नेमबाजीचं वेड. पण इथे एच-वन व्हिसावर असताना, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगता येत नाही. बारा वर्षं वाट पाहिली. ग्रीन कार्ड आलं त्याच वर्षी .३३८ लापुआ मॅग्नम या लांब पल्ल्याच्या काडतुसाची रायफल घेतली आणि लांब पल्ल्याच्या नेमबाजीत शिरलो.

गावाकडच्यांना कल्पना यावी म्हणून सांगतो. आपल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते ५० मीटरवर. आमचा हा प्रकार साधारण दीड हजार यार्डांच्या पुढे सुरू होतो. एक मैल म्हणजे १७६० यार्ड. तिथवर जायला गोळीला अडीच-तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती पंचाऐंशी-नव्वद फूट खाली येते. म्हणून स्कोपच्या वरच्या टरेटवर, म्हणजे नेम वर-खाली करायच्या आकडे असलेल्या फिरत्या बटणावर, तेवढी उंची आधी मोजून द्यावी लागते. मोजायचं माप मिल, ते कोनाचं माप, म्हणून अंतराबरोबर वाढतं. शंभर यार्डांवर एक मिल म्हणजे ३.६ इंच, मैलावर तोच मिल सव्वापाच फुटांचा होतो. टरेट खोटं बोलला तर बाकी सगळं बरोबर असूनही गोळी मातीत जाते.

माझा पहिला स्कोप साधा होता. चांगल्या कंपनीचा नवीन घ्यायचा तर ३,६०० डॉलर. तोच एक जण २,२०० ला विकत होता. फोनवर माणूस इतका गोड बोलला! सैन्यात होतो म्हणाला, मुलीच्या कॉलेजची फी भरायचीय म्हणाला. मी मागितलं तर स्कोपशेजारी माझं नाव आणि तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो पाठवला. मला वाटलं, आणखी काय पुरावा हवा? त्या फोटोनं एवढंच सिद्ध झालं होतं की वस्तू त्याच्या हातात आहे. वस्तू खरी आहे हे नाही. माझी नजर इथेच चुकली.

पैसे देताना तो म्हणाला, "मित्र-नातेवाइकांना पाठवतात त्या पर्यायानं पाठवा, उगाच कमिशन जातं." मी पाठवले. त्या पर्यायात तुम्ही खरेदीदार उरतच नाही, पैसे भेट दिल्यासारखे धरले जातात. पुढे तक्रार केली तेव्हा नेमकं हेच उत्तर मिळालं. आणि रायफल दुसऱ्या राज्यातून मागवली तर परवानाधारक दुकानदारामार्फतच यावी लागते, मध्ये एक तिसरा माणूस असतो. स्कोपला तसं काही नाही. खोका थेट दारात.

खोका उघडला तेव्हा काहीच खटकलं नाही. जड, काळाभोर, ३४ मिलिमीटरची नळी, नंबर कोरलेला.

मग अडीच महिने मी स्वतःला दोष देत होतो. न्यू मेक्सिकोतल्या रॅटनला व्हिटिंग्टन सेंटर या नेमबाजीच्या मैदानावर ११२३ यार्डांवर लोखंडी पांढरा बायसन निशाण म्हणून उभा आहे. तो लागला की मैलाकडे वळायचं, असं ठरवलं होतं. आठ मिल दिले की गोळी नेमापासून दोन फूट खाली, पोटाखालून. वारा चुकला म्हणावं तर तो डावी-उजवीकडे ढकलतो, एवढं खाली नाही नेत. काडतुसं बदलली, एकेक सहा-सात डॉलरचं. श्वास, ट्रिगर, खांदा, सगळं पुन्हा तपासलं. शेवटी, किती मिल द्यायचे ते काढून देणाऱ्या ॲपमध्ये गोळीचा वेग कमी केला. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, सेकंदाला २,७४० फूट दाखवत होता, मी २,६५० टाकले. बायसन वाजला. केवढा आनंद झाला! पण मैलावर गेलो की पुन्हा माती. मोजलेला वेग खोटा ठरवून मी टरेटचं खोटं झाकत होतो, हे तेव्हा कळलं नाही.

शेजारच्या बाकावर एक निवृत्त गृहस्थ असायचे, माझ्या गोळ्या कुठे पडतात ते दुर्बिणीतून सांगायचे. मी वेगाचे आकडे सांगितले तसे ते गप्प झाले. मग विचारलं, "उंच कागदावर स्कोप तपासलास का?" नव्हता तपासला.

दुसऱ्या दिवशी टेपनं शंभर यार्ड मोजले, पाच फुटी कागद लावला, ओळंबा सोडून उभी रेघ मारली. तळाच्या टिंबावर नेम धरून तीन गोळ्या. मग टरेट दहा मिल वर, नेम त्याच टिंबावर, पुन्हा तीन. मधलं अंतर बरोबर ३६ इंच हवं. मी गुडघ्यावर बसून टेप लावला. सव्वातेहेतीस. पुन्हा लावला. सव्वातेहेतीसच. टरेट शून्यावर आणून परत मारल्या तर पहिल्या गोळ्यांपासून इंचभर बाजूला. ते गृहस्थ वाकून टरेट बघत होते. त्यांनी ७ च्या आकड्यावर नख फिरवलं आणि पांढरा रंग पापुद्र्यासारखा निघून आला.

कंपनीला फोन करून नळीवरचा नंबर सांगितला. त्या नंबरचा खरा स्कोप दुसऱ्याच कुणाच्या नावावर होता आणि त्याच्याचकडे होता. हा फोन मी पैसे देण्याआधी करू शकलो असतो, पाच मिनिटांचं काम. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता. पोलिसांत आणि सायबर तक्रारीच्या पोर्टलवर नोंद केली, पैसे परत आले नाहीत.

मला फोन करणाऱ्यांना मी तीन गोष्टींचा हट्ट धरायला लावतो. नंबर आधी कळवा म्हणावं आणि कंपनीकडून खात्री करावी. पैसे फक्त खरेदीचं संरक्षण असलेल्या पर्यायानं द्यावेत, तीन टक्के जादा गेले तरी चालतील. आणि स्कोप आला की त्याच आठवड्यात उंच कागदावर मारून बघावा, तक्रारीची मुदत संपायच्या आत. विकणारा पहिल्या दोनपैकी एकालाही नाही म्हणाला, तर तिथेच फोन ठेवावा.

मध्यंतरी एकानं तो खोटा स्कोप "दिसायला तर छान आहे" म्हणून तीनशे डॉलरला मागितला. मी दिला नाही. त्याच्याकडून तो पुढे कुणाच्या रायफलवर चढेल, कोण जाणे. कोरणी घेऊन नळीवर ठळक दिसेल असं 'खोटा' कोरलंय. रेंजच्या पिशवीत असतो. कुणी नवीन आलं की हातात देतो आणि म्हणतो, दहा मिल फिरवून बघा, क्लिक कसे लागतात ते.