पायऱ्यांवरचा पियानो की वाकडं घर: आधी कोणता दाखवावा?

घरात सहा ते ऐंशी वयाची माणसं जमली आहेत, हाताशी अर्धा तास आहे आणि सगळ्यांना एकत्र हसवायचंय. अशा वेळी जुन्या पडापडीच्या लघुपटांतले दोनच माझ्या यादीत शेवटपर्यंत टिकतात. एक अमेरिकी विनोदवीर बस्टर कीटनचा ‘वन वीक’ (१९२०), दुसरा आपल्या जाड्या-रड्याचा, म्हणजे लॉरेल-हार्डीचा, ‘द म्युझिक बॉक्स’ (१९३२). चॅप्लिन मी मुद्दाम बाजूला ठेवलाय, कारण तो बहुतेकांनी पाहिलेला असतो. हे दोन्ही मी आमच्या गच्चीवर, पांढऱ्या चादरीवर, लागोपाठच्या दोन दिवाळ्यांना दाखवले. माणसं जवळपास तीच होती.

कलाकृती म्हणून तोलायचं तर कीटनकडे झुकायला मला काहीच अडचण नाही. नवीन लग्न झालेल्या जोडप्याला सुट्या भागांचं घर भेट मिळतं, नाकारला गेलेला एक जण खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो आणि आठवड्याभरात जे घर उभं राहतं त्यात एकही रेषा सरळ नसते. वादळात ते घर भोवऱ्यासारखं फिरतं, आणि ते खरंच फिरवलेलं आहे. अख्खं घर फिरत्या चौथऱ्यावर बांधलं होतं. शेवटी रेल्वेरुळांवर अडकलेल्या घराचं जे होतं, तेही खऱ्या घरावर खरी आगगाडी घालून घेतलेलं आहे. कीटन तेव्हा पंचविशीचाही नव्हता. त्या शेवटच्या मिनिटात काय होतं ते मी इथे सांगणार नाही. पाहिला नसेल तर तेवढा आनंद तुमच्यासाठी राखून ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

मग अडलं कुठे? आवाजात.

‘वन वीक’ मूकपट आहे आणि त्यावरचे हक्क कधीच संपलेत. त्यामुळे ज्याला वाटेल त्याने त्यावर वाटेल ते संगीत चिकटवलंय. मी पहिल्यांदा लावली त्या प्रतीत घर कलायच्या आधीच ढोल सुरू व्हायचा. पोरं लगेच सावध व्हायची, ‘आता काहीतरी होणार’ म्हणून बघायची, आणि घर कलायचं तेव्हा त्यात नवल उरलेलं नसायचं. दुसऱ्या प्रतीत पियानोची एकच धून पहिल्या दृश्यापासून शेवटापर्यंत, लग्नालाही तीच आणि वादळालाही तीच. वैतागून मी आवाजच बंद केला. मग गच्चीवर इतकी शांतता झाली की चिवडा खाणाऱ्यालाही संकोच वाटायला लागला. चार जण हसले तर पाचवा वळून बघायचा. बोलपटात हसू लपतं, मूकपटात ते उघडं पडतं, हे मला त्या रात्री कळलं.

त्यात दृश्यांच्या मध्ये पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या. त्या मी मराठीत मोठ्याने वाचत होतो, आणि माझं वाक्य संपेपर्यंत पडद्यावर पुढचं काहीतरी कोसळलेलं असायचं. एके ठिकाणी तर इलाजच नव्हता. घर भलत्याच जागेवर बांधलंय हे कळतं ते जागेच्या क्रमांकाची ६६ ही पाटी उलटी लावल्यामुळे ९९ दिसत होती म्हणून. इंग्रजी आकड्यांत ते निमिषात समजतं. माझ्या आजीला मात्र आपलेच आकडे वाचायची सवय, आणि आपले ६६ उलटे केले तर ९९ होत नाहीत. तिला कागदावर काढून दाखवेपर्यंत गाडी येऊनसुद्धा गेली होती. चांगली पुनर्संचयित प्रत आणि मनापासून केलेलं संगीत मिळालं तर यातला निम्मा त्रास कमी होत असावा, हेही मी मान्य करतो.

‘द म्युझिक बॉक्स’मध्ये आवाज हाच विनोदाचा अर्धा भाग आहे. खोक्यात पियानो, समोर लांबलचक जिना आणि वरच्या टोकाला घर. पियानो हातातून सुटला की खाली जाताना प्रत्येक पायरीवर त्याच्या पोटातल्या सगळ्या तारा एकदम कण्हतात. तो आवाज ऐकताना खोक्यात वाद्य नसून कोणीतरी जिवंत बसलंय असं वाटतं. याच जिन्यावर या दोघांनी १९२७ साली ‘हॅट्स ऑफ’ केला होता. तिथे पियानोऐवजी कपडे धुण्याचं यंत्र होतं, आणि तो मूकपट होता. त्याची एकही प्रत आज सापडत नाही, त्यामुळे तुलना करता येत नाही. पण हाच खोका मुका असता तर मी इतका हसलो असतो असं वाटत नाही.

संवाद इंग्रजीत आहेत, पण अर्थ चेहऱ्यावर इतका ठळक की मला एकाच वाक्याचं भाषांतर करावं लागलं. पियानो कसाबसा वर पोचतो आणि पोस्टमन सांगतो की मागून वरपर्यंत गाडीरस्ता आहे, हा जिना चढायची गरजच नव्हती. मी ते सांगितलं. मग हे दोघं निमूटपणे पियानो उचलून पुन्हा खाली निघतात, रस्त्याने आणायला म्हणून. घाई कसलीच नाही. हार्डी थेट आपल्याकडे बघतो, दुःखाने, आणि तेवढ्यात गच्चीवरच्या सगळ्यात मागच्या माणसालाही विनोद पोचतो. कीटन थांबत नाही, आणि ते त्याचं मोठेपण आहे. जाड्या-रड्या थांबतात, म्हणून आजी आणि नातू एकाच क्षणी हसतात.

या लघुपटातही एक दोष आहे. पियानो घरात शिरल्यावर आदळआपट लांबते, आणि कुऱ्हाड घेऊन आलेल्या घरमालक प्राध्यापकाची आरडाओरड मला दरवेळी जरा जास्त वाटते. कीटनच्या लघुपटात असं एकही सैल मिनिट नाही. ‘द म्युझिक बॉक्स’ पाहिलाच तर कृष्णधवल पाहा; त्याची रंगवलेली प्रतही फिरते, ती टाळलेली बरी. १९३२ साली विनोदी लघुपटासाठी पहिल्यांदाच ऑस्कर दिलं गेलं ते याला, पण मला निर्णय घ्यायला त्याची मदत झाली नाही.

तर एकट्याने बघणार असाल, किंवा सोबत चित्रपट कसे घडतात याचं वेड असलेलं कोणी असेल, तर ‘वन वीक’ घ्या. रात्री, आवाज पूर्ण बंद करून. मीही तो तसाच बघतो. माणसं जमवणार असाल तर माझं मत पियानोला, आणि त्याला माझी आत्या कारण आहे. ती त्या संध्याकाळी गच्चीवर आलीच नव्हती, खाली स्वयंपाकघरात चकल्या तळत होती. पडदा तिला दिसत नव्हता, पण जिन्यातून आवाज खाली जात होता. तिसऱ्यांदा तारा कण्हल्या तेव्हा ती खालूनच ओरडली, “अगं बाई, परत पडला का?”