म्हापशातली व्हिसा सल्ला सेवा: नवऱ्याच्या मागोमाग परदेशी जाणाऱ्या बायकांसाठी

नवऱ्याच्या कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं तेव्हा घरात चर्चा फक्त त्याच्याच व्हिसाची. पणजीतल्या एका एजन्सीनं तर फोनवर मला दोन वाक्यांत वाटेला लावलं, "मिस्टरांचा झाला की तुमचा होतोच, ताई." शेवटी शेजारच्या काकींनी म्हापशाच्या बाजारापाशी असलेलं एक लहानसं ऑफिस सुचवलं. तिथल्या बाईंनी नवऱ्याची फाईल बाजूला सरकवली आणि मला विचारलं, "तुमकां थंय काम करपाचें आसा?" (तुम्हाला तिथं काम करायचंय का?)

मी एका सीएकडे अकाउंट्स बघते. काम सोडून घरी बसायची माझी तयारी नव्हती, पण तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. सासरच्यांनी नाही, कंपनीच्या एचआरनंही नाही.

कंपनी दोन्ही वाटांनी पाठवायला तयार होती, एच-वन-बी (लॉटरीतून मिळणारा नोकरीचा व्हिसा) किंवा एल-वन (कंपनीच्याच अमेरिकेतल्या शाखेत बदलीचा व्हिसा). एच-वन-बीच्या लॉटरीत नंबर लागला तरी जोडीदाराच्या वाट्याला येतो एच-फोर. त्यावर शिकता येतं, नोकरी आपोआप करता येत नाही. २०१५ पासून एच-फोरवाल्यांना वर्क परमिट मिळू लागलं खरं, पण साधारणपणे नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज मंजूर झाला असेल तरच. एल-वनवाल्याच्या जोडीदाराला मिळतो एल-टू, आणि नोव्हेंबर २०२१ पासून त्यावर वेगळं वर्क परमिट न काढता नोकरी धरता येते. बाईंनी दुसरी बाजूही झाकून ठेवली नाही. एल-वनवर नवरा दुसऱ्या कंपनीत जाऊ शकत नाही, आणि एल-वन-बीची (खास ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्यांसाठीचा एल-वन) मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. घरी बसून दोघांनी नीट विचार केला आणि एल-वन पक्का केला.

कागदपत्रांत त्यांची नजर खरी पारखी. आपल्या गोव्यात लग्नाच्या दोन सह्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी होतात आणि देवळातलं लग्न नंतर कधीतरी. आमच्या दाखल्यावर एक तारीख, पत्रिकेवर आणि फोटोंच्या अल्बमवर दुसरी. फॉर्ममध्ये दाखल्यावरचीच तारीख घालायची, आणि मुंबईला मुलाखतीत लग्नाचे फोटो मागितलेच तर दोन तारखा का, ते एका वाक्यात कसं सांगायचं, हे त्यांनी माझ्याकडून बोलून घेतलं. मुंबईच्या एजंटाला हे सुचलं असतं असं मला वाटत नाही. माझ्या पासपोर्टवर माहेरचंच आडनाव आहे. ते बदलायची काही गरज नाही, हेही त्यांनीच ठामपणे सांगितलं, नाहीतर सासूबाईंनी नवीन पासपोर्ट काढायला लावलाच असता.

कोकणकन्येनं जाऊन मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली, व्हिसा आला. त्यानंतरही त्यांनी बोलावून घेतलं आणि फाईलच्या आतल्या बाजूला पेनानं लिहून दिलं: तिथं उतरल्यावर आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) डाउनलोड करून घ्या, त्यावर 'एल-टू-एस' (एस म्हणजे जोडीदार) आहे का बघा. नुसतं 'एल-टू' असेल तर दुरुस्त करून घ्या, कारण नोकरी देणारा हाच कागद बघतो. पैसे देऊन झाल्यावर कोण एवढं सांगतं?

खटकलं ते हिशेबाचं. फी एकरकमी सांगतात, पण त्यात वकिलातीची फी धरलेली नाही हे पावती हातात आल्यावर कळतं. प्रवास विम्यासाठीही काउंटरवरचा मुलगा फार मागे लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर संध्याकाळशिवाय येत नाही.

तरी माझा विश्वास बसलाय, आणि तो एकट्या माझ्या कामामुळे नाही. माझी एक मैत्रीण २०२४ च्या पावसाळ्यात ब्रिटनला केअर वर्कर म्हणून निघाली होती, नवरा आणि मुलीसकट. ११ मार्च २०२४ पासून त्या कामावर नव्यानं जाणाऱ्यांना कुटुंब नेता येत नव्हतं (जुलै २०२५ पासून तर परदेशातून त्या कामावर नवी भरतीच बंद झाली), हे बंधन बाईंनी तिला पहिल्याच भेटीत सांगितलं आणि एक पैसा घेतला नाही. ती नर्सिंग झालेली. नर्स म्हणून गेलीस तर कुटुंब नेता येईल आणि नवऱ्याला तिथं नोकरीही करता येईल, म्हणाल्या. ती आता इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतेय.

जाणार असाल तर दोघांनी मिळून जा, आणि कंपनीला होकार कळवायच्या आधी जा. शुक्रवारी मात्र नको, बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही.