लाल दिवा दोन मिनिटांत हिरवा झाला, आणि माझे ७१,४५० रुपये गेले

घरी इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर बसवून घेताना मी फसलो. आधी आकडे सांगतो. ‘किती गेले हो?’ असं लोक दबक्या आवाजात विचारतात, त्याचा मला संताप येतो. वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, ३८,५००. ‘सहा स्क्वेअर एमएम कॉपर’ची वायर, पाइपसकट, ११,२५०. केमिकल अर्थिंग ९,५००. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडते), एमसीबी (जास्त लोड आला की तोडते) आणि त्यांचा डबा ४,२००. वीज कंपनीकडे मंजूर लोड वाढवायची ‘फाइल’ ८,०००. एकूण ७१,४५०, त्यातले ५०,००० यूपीआयने, बाकीचे रोख. एक एमसीबी सोडली तर यातलं काहीही सांगितलं तसं निघालं नाही.

बडोद्यात मांजलपूरला आमचं टेनामेंट, म्हणजे स्वतंत्र घर, आहे, गाडी दारातच उभी राहते. इलेक्ट्रिक गाडी पाडव्याला घेतली. चार्जर बसवणाऱ्या या माणसाचा नंबर शोरूमच्या सेल्समननेच दिला. मी कुठल्या जाहिरातीवर भाळलो नव्हतो, हे मुद्दाम सांगतो, कारण नातेवाइकांत तसंच बोललं जातं. तो आला तोच मराठीत बोलत. ‘काका, मी आपल्या दांडिया बाजारातलाच, गणपतीत मंडळाचं लायटिंग मीच करतो.’ ‘काकूं’च्या, म्हणजे आमच्या हिच्या, हातचा चहा घेतला, आईच्या पाया पडला. बाहेरचा कोणी असता तर मी चार प्रश्न जास्त विचारले असते. आपला म्हणून विचारले नाहीत, आणि त्याने नेमका त्याचाच फायदा घेतला.

आता बॉक्सचं. घरच्या भिंतीवर लावतात त्याला सगळे चार्जर म्हणतात, पण घरातल्या एसी विजेचं बॅटरीला लागणारं डीसी करणारा खरा चार्जर गाडीच्या आत असतो. भिंतीवरचा डबा वीज पुरवतो, जास्तीत जास्त किती अँपिअर ओढता येतील ते गाडीला कळवतो आणि गडबड झाली तर तोडतो. माझ्या गाडीतला आतला चार्जर ३.३ किलोवॉटचा. म्हणजे भिंतीवर ७.४ चा लावा नाहीतर २२ चा, गाडी ३.३ च घेणार. २४ युनिटची बॅटरी, साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभरात भरते. मला ७.४ च्या बॉक्सची गरजच नव्हती! या माणसाने ‘तुमच्या गाडीचा ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॉटचा?’ हा प्रश्न एकदाही विचारला नाही. जो हे न विचारता भाव सांगतो त्याला चहासुद्धा देऊ नका.

वर त्याने मोबाईलवर सरकारी कागद दाखवला: २५ टक्के सबसिडी परत मिळते, पण बॉक्स ७.४ चाच हवा. कागद खरा होता. गुजरातच्या २०२१ च्या ईव्ही धोरणात २५ टक्के अनुदान होतंच, पण ते सार्वजनिक चार्जिंग स्टेशनांसाठी, माझ्या दारातल्या डब्यासाठी नव्हे. खरा कागद दाखवून खोटं बोलणाऱ्याला सामान्य माणसाने पकडायचं कसं? बॉक्सच्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलाय म्हणाला. ईव्ही चार्जरवरचा जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे, आणि त्याच्या हाती लिहिलेल्या बिलावर जीएसटी नंबरच नव्हता. यूपीआयला नावही भलत्याच बाईचं आलं. ‘वहिनींचं खातं आहे काका’ म्हणाला.

पण हे सगळं परवडलं. रात्री झोप लागत नाही ती त्या दोन मिनिटांमुळे.

सगळं जोडून झालं, मेन चालू केला, तर बॉक्सवर लाल दिवा. मी शेजारीच उभा होतो. म्हटलं, हे काय? ‘काही नाही, सेटिंग आहे.’ त्याने स्विच पाडला, झाकण उघडलं, पाठ माझ्याकडे करून स्क्रू-ड्रायव्हर फिरवला, झाकण लावलं. दिवा हिरवा. मी ‘वा’ म्हणालो. हा ‘वा’ अजून कानात आहे. तो लाल दिवा ओरडून सांगत होता की या घरात अर्थिंग नाही, आणि त्या माणसाने अर्थिंग करायच्या ऐवजी आत न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आणि अर्थ यांच्यामध्ये वायरचा एक तुकडा अडकवून दिव्याचं तोंड बंद केलं. केमिकल अर्थिंग म्हणजे जमिनीत खोल खड्डा, इलेक्ट्रोड, पावडरच्या गोण्या. आमच्या अंगणातली एक टाइलसुद्धा उखडली नव्हती. मी विचारलंही, खड्डा कुठे आहे? ‘काका, आता बिनखड्ड्याची टेक्नॉलॉजी आली.’ मी बँकेत नोकरी केलेला माणूस. उद्या त्याला बँकेतलं काही सांगितलं तर तोही मान डोलावेलच की.

पावसाळ्यात ओल्या पायांनी गाडीला हात लावल्यावर हिला मुंग्या आल्या. पुन्हा लावला, पुन्हा आल्या. माझा आतेभाऊ निवृत्त विद्युत अभियंता. त्याने मेन बंद करून झाकण उघडलं आणि काही न बोलता बाजूला झाला. मग समजावून सांगितलं: अशा जोडणीत फॉल्टचा करंट अर्थच्या वायरमधून त्या तुकड्यावाटे पुन्हा न्यूट्रलमध्येच जातो, त्यामुळे आरसीसीबीला जाणारा आणि येणारा करंट सारखाच दिसतो आणि ती पडतच नाही. न्यूट्रल मागे कुठे सैल झाला की गाडीच्या पत्र्यावर व्होल्टेज चढतं. पूर्ण तुटला तर पत्र्यावर २३० व्होल्ट. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात किती पार्किंगमध्ये शिरलं होतं, आठवा. अशा गावात हे करायला त्याचा हात धजावला कसा?

वायर चाकूने खरवडली तर आतून पांढरी: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. आरसीसीबी एसी टाइपची, जिला डीसी गळती धड कळत नाही. ईव्हीला ए टाइप आणि सोबत ६ मिलिअँपिअर डीसी ओळखणारी सोय लागते, किंवा बी टाइप. लोडची फाइल कुठे गेलीच नव्हती. मंजूर लोड बिलावर छापलेला असतो, पुढच्या बिलांवरही आकडा जिथे होता तिथेच. तो पैसा द्यायचा तर वीज कंपनीच्या पोर्टलवर, आपल्या ग्राहक क्रमांकावर. दुसऱ्याच्या हातात नाही.

आणि मग चकरा. पोलीस चौकीत साहेब म्हणाले, ‘माल मिळाला ना? मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला.’ हिला करंट लागला असता तर कुठला मामला झाला असता, हे विचारलं तर ‘लागला नाही ना’. वीज कंपनीत म्हणाले, मीटरच्या पुढचं आमचं नाही. शोरूमने सांगितलं, नंबर सेल्समनने वैयक्तिक दिला, तो आता नोकरीत नाही. वर हेही ऐकवलं की बाहेरच्या बॉक्सने गाडीत काही झालं तर वॉरंटीचं बघावं लागेल! विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात अर्ज घेतला, पोच दिली, पुढे काही नाही. असं काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचं, हा नियम आहे. मग बिनपरवान्याचा माणूस घरोघरी फिरतोय हे लेखी कळवल्यावर निदान एक फोन करायला काय लागतं? प्रत्येक टेबलावर मलाच विचारलं, ‘तुम्ही परवाना का नाही पाहिला?’ जणू गुन्हा मी केला होता. ज्यांचं कामच परवाने बघण्याचं आहे त्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि फोटो जपून ठेवा. रोख द्यायची वेळ आणूच नका. नवं अर्थिंग, खरी तांब्याची वायर, ए टाइप आरसीसीबी आणि १६ अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट, सगळं मिळून १६,३०० लागले. गाडीसोबत आलेल्या केबलनेच आता चार्ज होते. मुळात एवढंच लागणार होतं.

त्याने मकरपुरा आणि वासणा रोडलाही बॉक्स बसवल्याचं तो मोठ्या अभिमानाने सांगायचा. तुमच्याकडे खड्डा न खणता अर्थिंग झालं असेल, तर आधी चार्जिंग थांबवा. मल्टिमीटरवर न्यूट्रल-अर्थमध्ये चार्जिंग चालू असतानाही अगदी शून्य दिसलं तर खूश होऊ नका, तो तुकडाच असू शकतो. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून समाधान मानू नका. अर्थिंग नसतानाही त्याने ती पडते. परवानाधारकाला बोलवा, मेन बंद करायला लावा आणि झाकण तुमच्या डोळ्यांसमोर उघडायला लावा.