मालदीव की कोमोडो? जोरदार प्रवाहातील डायव्हिंगची निवड

तारकर्लीला पाण्याची ओळख झालेल्या आणि पुढे ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्र मिळवलेल्या नाशिकच्या डायव्हरला जोरदार प्रवाहात उतरायचे असेल, तर मालदीव आणि इंडोनेशियातील कोमोडो हे दोन पर्याय प्रथम पुढे येतात. निवड माशांवरून नव्हे, तर प्रवाहाच्या स्वभावावरून करावी.

मालदीवमध्ये प्रवाळवलयातील चॅनलमधून (वलयाच्या भिंतीतील खोल वाटेतून) महासागराचे पाणी आत शिरत असताना उतरतात. बीसीडी (हवा भरून तरंगण्याचे जॅकेट) रिकामे ठेवून उडी मारायची, झपाट्याने चॅनलच्या तोंडाशी असलेला कडा गाठायचा, मृत खडकात रीफ हुक (दोरीला बांधलेला आकडा) अडकवून शार्क पाहायचे आणि नंतर हुक सोडून पाण्याबरोबर वाहत जायचे. कडा हुकला, तरी हा प्रवाह सहसा वलयाच्या आतच नेतो आणि तिथे धोणी (मालदीवची स्थानिक बोट) असते. मनोरंजनात्मक डायव्हिंगला तेथे 30 मीटरची मर्यादा आहे.

कोमोडोत फ्लोरेस समुद्र आणि हिंदी महासागर यांच्यातील पाणी भरती-ओहोटीबरोबर अरुंद सामुद्रधुन्यांतून ये-जा करते. बातू बोलोंगसारख्या खडकावर ते दोन्ही बाजूंना फाटते. डायव्हर आडोशाच्या बाजूला नागमोडी फिरत वर येतो, पण कडेपलीकडे गेल्यास पाणी त्याला खाली ओढू शकते. आपलेच बुडबुडे खाली जाताना दिसले, तर सरळ वर पाय मारत बसू नये. भिंतीपासून आडवे दूर व्हावे, गरजेपुरती हवा बीसीडीत भरावी आणि ओढ सुटताच ती सोडावी, अन्यथा वर फेकले जाण्याचा धोका असतो. दक्षिणेकडील पाणी बरेच थंड असल्याने जाड वेटसूट लागतो.

कोमोडोच्या तारखा ठरवताना पंचांग उपयोगी पडते, ही गंमत नाही: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या सुमाराचे भांग (लहान भरती-ओहोटी) सौम्य असते. मालदीवला जानेवारी ते एप्रिल हा काळ चांगला. मे महिन्यातच सुट्टी मिळणाऱ्यांना मात्र हवामानाच्या दृष्टीने कोमोडो सोयीचे. मुंबईहून मालेला थेट विमान असते, तर कोमोडोजवळच्या लाबुआन बाजोला बहुधा बालीमार्गे जावे लागते. दोन्हीकडे परतीच्या विमानाआधी किमान 18 तास पाण्याबाहेर काढावेत.

माझे मत पहिल्या सहलीसाठी मालदीवच्या बाजूने आहे. खोली न बदलता 5 मीटरवरून एसएमबी (आपली जागा बोटीला दाखवणारा फुगा) वर सोडणे जमत नसेल, तर दोन्ही बेत पुढे ढकलावेत. त्याच्या दोरीचे रील हाताळण्याचा सराव नाशिकच्या जलतरण तलावातही होतो.